पहिला मसुदा कोण ऐकणार?

(युवा शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



आयोजकांनी मला 'मला हलवून गेलेलं पुस्तक' या विषयावर बोलायला सांगितलं, तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. मी साहित्याची विद्यार्थिनी नाही. इंजिनिअरिंग केलं, गेली बारा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये आहे. पण एका पुस्तकामुळे मला घरात एक जुनी वही उघडावी लागली. त्या वहीबद्दल तुमच्यासमोर बोललं पाहिजे असं वाटलं, म्हणून आले.

पुस्तकाचं नाव 'द पोएट एक्स'. लेखिका एलिझाबेथ अ‍ॅसेवेडो. २०१८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालं आणि त्याच वर्षी त्याला तिथला किशोर-युवा साहित्याचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. पुढच्या वर्षी ब्रिटनचं कार्नेगी पदक मिळालं. १९३६ पासून दिल्या जाणाऱ्या या पदकाच्या इतिहासात ते मिळवणारी ती पहिली गौरेतर लेखिका. तिचे आईवडील डोमिनिकन रिपब्लिकमधून न्यूयॉर्कला आलेले. ती स्वतः काही काळ मेरीलँडमध्ये आठवीच्या वर्गाला इंग्रजी शिकवत होती. वर्गातली बरीच मुलं तिच्यासारखीच स्थलांतरित घरांतली. वाचायला पुस्तकं दिली तर एक मुलगी म्हणाली, यात आमच्यासारखं कुणीच नाही. त्या एका तक्रारीतून अ‍ॅसेवेडो किशोरांसाठी कादंबरीकडे वळली.

ही कादंबरी कवितांमध्ये लिहिलेली आहे. एक-दोन पानांची कविता, तिला शीर्षक, मग पुढची. सगळ्या मिळून गोष्ट होते. कविता म्हटलं की घाबरणाऱ्यांनी घाबरू नये. मीही घाबरले होते आणि दोन रात्रींत पुस्तक संपवलं.

गोष्ट हार्लेममधल्या पंधरा वर्षांच्या सिओमाराची. आई कट्टर कॅथलिक, ऑफिसं झाडून-पुसून घर चालवणारी. वडील घरात असून नसल्यासारखे. जुळा भाऊ हुशार, शांत, आणि त्याचंही एक न सांगितलेलं गुपित आहे. सिओमारा अंगानं भरलेली, म्हणून रस्त्यावर मुलं छेडतात आणि घरी आई तिलाच दोष देते. कुणी वेडंवाकडं बोललं तर ती हातानं उत्तर देते, कारण तोंडानं उत्तर द्यायची सवयच नाही. जे बोलायचं ते भावाने दिलेल्या वहीत लिहिते. चर्चच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात तिला आदम-हव्वाबद्दल प्रश्न पडतात. सगळा दोष हव्वाच्याच वाट्याला का, हा प्रश्न तुमच्यापैकी किती जणींना पडलाय, हात वर करू नका, मला दिसतंय.

शाळेत एक नवी शिक्षिका येते आणि कविता मंडळ सुरू करते. मंडळ नेमकं धर्मवर्गाच्या वेळीच भरतं. पुढे आई मुलीला एका मुलाबरोबर पाहते आणि तिला तांदळाच्या दाण्यांवर गुडघे टेकून बसवते. नंतर एक दिवस वही आईच्या हाती लागते. आई ती जाळते. वही जळत असताना सिओमारा त्यातल्या कविता तोंडपाठ, मोठ्यानं म्हणू लागते. पहिल्यांदाच आईसमोर.

शेवट सांगत नाही, तुम्ही वाचा. फक्त एवढं सांगते की तो शेवट आई हरली आणि मुलगी जिंकली असा नाही.

आता मी ज्या ठिकाणी अडकले ते सांगते. शिक्षिका निबंध लिहायला देते, तेव्हा पुस्तकात सिओमाराचा पहिला मसुदा छापलेला आहे. कधी त्यानंतर दुसराही. आणि मग तिने प्रत्यक्षात वर्गात दिलेला निबंध. पहिल्या मसुद्यात खरं असतं. दिलेल्या निबंधात बेताचं, कुणालाही न खुपणारं. आम्ही सॉफ्टवेअरवाले कोडच्या दोन आवृत्त्या शेजारी ठेवून काय काढलं, काय घातलं ते बघतो. तीच सवय मी इथे लावली. काढलेल्या ओळी बघत गेले आणि मला माझी अकरावी आठवली.

आम्ही मिरजेचे. घरी दखनी, शाळेत मराठी, पुढे सगळं इंग्रजी. अकरावीत कॉलेजच्या वार्षिकासाठी सरांनी 'माझ्या घरातली एक व्यक्ती' या विषयावर लेख मागितले होते. माझ्या घरात तेव्हा माझी खाला राहायची. तिच्या नवऱ्याने एका दुपारी तीनदा तो शब्द उच्चारून तिला दारात आणून सोडलं होतं. ती आली, स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तिची पेटी ठेवली गेली, आणि त्या दिवसाबद्दल घरात कुणी चकार शब्द काढला नाही. ती रात्री शिलाई मशीनवर बसायची. मी त्या मशीनच्या आवाजात अभ्यास केला. मी लेख लिहिला तो तिच्यावर. पाच पानं. सकाळी उठून वाचला, आणि नानीचं नेहमीचं वाक्य कानात आलं, 'लोगां क्या बोलेंगे?' ती पानं तशीच वहीत ठेवली आणि दुसरा लेख लिहिला. आजोबांच्या शिस्तीवर. तो छापून आला. बक्षीसही मिळालं.

माझ्या मनात एक भीती आणखी होती, ती मोकळेपणी सांगते. वर्गात मुसलमान आम्ही दोघीच. खालाची गोष्ट छापली असती तर बाहेरचे म्हणाले असते, 'बघा, यांच्यात असंच असतं.' आणि आतले म्हणाले असते, 'घरची धुणी चौकात धुतली.' दोन्हीकडून आवाज दाबला जातो तो असा. ही भीती खोटी नाही, आजही नाही. सिओमाराच्या वाट्यालाही तिच्यासारखीच एक आली. २०२० साली नॉर्थ कॅरोलिनात काही पालक हे पुस्तक धर्मविरोधी आहे म्हणून शाळेविरुद्ध कोर्टात गेले. पुस्तक शिकवणं थांबवायला कोर्टाने नकार दिला. उलट बाजूने कुणी हे पुस्तक हातात घेऊन 'धर्म म्हणजे हेच' असंही म्हणेल. दोघांनीही ते नीट वाचलेलं नसतं. कारण पुस्तकातला पाद्री मुलीला प्रश्नांवरून हाकलत नाही, पुढे तोच आई आणि मुलीला समोरासमोर बसवतो. आणि त्या आईला मुळात नन व्हायचं होतं. घरच्यांनी अमेरिकेला जाण्याची सोय म्हणून तिचं लग्न लावलं. तिला कुणी विचारलं नव्हतं. म्हणजे वही जाळणाऱ्या बाईचीही एक वही कधीतरी जळलेलीच होती.

पुस्तक वाचून झाल्यावर 'आवाज सापडणं' या शब्दांबद्दल माझं मत बदललं. आपण म्हणतो, मुलींनी धाडस करावं, बोलावं. पण सिओमारा धाडसी पहिल्या पानापासून आहे. तिच्याकडे नव्हते ते ऐकणारे. भावाने वही दिली. शिक्षिकेने पुन्हा पुन्हा बोलावलं. मंडळातल्या मुलांनी टिंगल न करता ऐकलं. मग ती उभी राहिली. ती ज्या प्रकारची कविता म्हणते त्याला स्लॅम म्हणतात. १९८० च्या दशकात शिकागोत मार्क स्मिथ या बांधकाम कामगाराने तो प्रकार सुरू केला. कवी साधारण तीन मिनिटं म्हणतो आणि श्रोत्यांमधूनच निवडलेले पंच गुण देतात. म्हणजे ऐकणाऱ्यांशिवाय तो प्रकारच उभा राहत नाही.

आपल्याकडे हे नवं आहे का? बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल, म्हणजे शाहीर अमर शेख, मराठीतच गायले, आणि गिरणगावातल्या कामगारांनी त्यांना डोक्यावर घेतलं. १८ एप्रिल १९६६ ला हमीद दलवाईंसोबत मुंबईत सात मुस्लिम महिला तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध मागण्या घेऊन विधानभवनावर गेल्या. सातच. आपण तो मोर्चा नेहमी दलवाईंच्या नावाने सांगतो. पण मला त्या सात जणींच्या आदल्या रात्रीबद्दल कुतूहल आहे. घरी काय सांगून निघाल्या असतील? परत आल्यावर त्यांचं कोणी ऐकून घेतलं असेल का? तोंडी तिहेरी तलाक सर्वोच्च न्यायालयाने अवैध ठरवला तो २२ ऑगस्ट २०१७ ला. एक्कावन्न वर्षांनी.

गेल्या रमजान ईदला मिरजेला गेले तेव्हा ती पाच पानं शोधली. खाला आता साठीची आहे, अजून शिवते. दुपारी घर शांत झाल्यावर तिला म्हटलं, तुझ्यावर लिहिलेलं आहे, वाचून दाखवू? तिने मशीन थांबवलं. मी वाचत गेले. माझा आवाज मधेच चिरकला, तिचा चेहरा काही हलला नाही. संपल्यावर मी वाट बघत होते की ती रागावेल, किंवा रडेल. ती म्हणाली, "मेरा नाम काय को नै लिखी?"

मी पाचही पानांत तिला 'ती' म्हटलं होतं. तिला लाजेपासून वाचवायला. आणि इतकी वर्षं मी समजत होते की ती गप्प आहे, कारण तिला बोलायचं नाही. त्या दुपारी ती दोन तास बोलली. माझ्या पाच पानांतल्या तीन गोष्टी चुकीच्या निघाल्या. घरातून निघताना ती रडत नव्हती, तिने मेहेरचा हिशोब मागितला होता. हे आमच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं, कारण कुणी विचारलंच नव्हतं. नाव लिहायचं की नाही हे ठरवायचा अधिकार तिचा होता, तोही मी परस्पर घेतला होता. आज इथे तिचं नाव घेत नाही तेही तिला विचारूनच. ती म्हणाली, "मैंच बोलूंगी, मेरेकू बुला."

म्हणून आयोजकांना माझी विनंती आहे. पुढच्या शिबिरात तिला बोलवा. आणि तुम्हाला एक काम सांगते. आपल्या गावी परत गेल्यावर महिन्यातून एक रविवार ठरवा. चार-पाच जण बसा. ज्याने त्याने आपला पहिला मसुदा आणायचा, दखनी, मराठी, उर्दू, कोकणी, ज्या भाषेत असेल त्या भाषेत. वाचून होईपर्यंत कुणी शुद्धलेखन काढायचं नाही, हदीस किंवा कलम सांगायचं नाही, मोबाइलवर रेकॉर्ड करायचं नाही. ऐकायचं. मग विचारायचं, 'पुढे काय झालं?'

सगळ्यांच्या घरी शेवट पुस्तकासारखा होईल असं मी म्हणत नाही. काही घरांत वही अजूनही जळेल. अशा वेळी त्या मुलीला जायला तुमचा तो रविवार असला पाहिजे. आणि मुलांनो, तुमच्या बहिणीला वही देणारे भाऊ व्हा. ती उघडून वाचणारे होऊ नका.