पाळण्यात बसवण्यापूर्वी
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी आपल्या वर्धापनदिनाला कोणी डॉक्टरीणबाई, कोणी शाळेच्या बाई येऊन बोलतात आणि आपण सतरंजीवर बसून ऐकतो. यंदा सभासदांपैकीच एकीने संसारातला एखादा अनुभव सांगावा असे ठरले आणि माझे नाव पुढे आले. मी सातवीपर्यंत शिकलेली. चार बायकांत भरपूर बोलते, पण ध्वनिक्षेपकापुढे उभी राहण्याची ही पहिलीच वेळ. पाय थोडे कापत आहेत. मला बोलायचे आहे तेही भीतीविषयीच, तेव्हा ते चालून जाईल.

विषय ऐकायला लहान वाटेल. जत्रेत गेल्यावर लहान मुलाला आकाशपाळण्यात बसवावे की नाही, एवढाच. पण या प्रश्नात मी एकदा फार मोठी चूक केली आहे, म्हणून तो निवडला.

आपल्या मुंबईत पाळण्यांना तोटा नाही. सप्टेंबरात वांद्र्याला मोतमाउलीची जत्रा, नवरात्रात महालक्ष्मी, डिसेंबरात माहीमच्या दर्ग्याचा उरूस, आणि पौषात शाकंभरी पौर्णिमेपासून आपल्या प्रभादेवीची जत्रा. माझे माहेर लालबागचे, सासर परळचे, त्यामुळे प्रभादेवीची जत्रा मी जन्मापासून पाहते. देवीचे दर्शन, मालवणी खाजा, बांगड्या आणि पाळणा, एवढे झाल्याशिवाय जत्रा झाली असे मुलांना वाटत नाही.

पहिला पाळणा मला माझ्या वडिलांनी दाखवला. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, हे इथल्या बहुतेक घरांना सांगायला नको. डॉ. दत्ता सामंतांच्या मागे अडीच लाखांच्या घरात कामगार बाहेर पडले, त्यांत आमचे बाबा होते. ते पुन्हा कामावर लागलेच नाहीत. माझी शाळा सातवीत सुटली ती त्याच ओढग्रस्तीत. मी सहा वर्षांची असताना, म्हणजे संपाला चार वर्षे होऊन गेली तेव्हा, त्यांनी मला जत्रेला नेले. त्या वेळी मोठ्या पाळण्याशेजारी चार पेट्यांचा छोटा लाकडी पाळणा असे. त्याला मोटर नव्हती. पाळणेवाला तो हाताने ओढून फिरवी. मोठ्या पाळण्यांतही पुष्कळ ठिकाणी माणसेच आऱ्यांवर चढून, लोंबकळून आपल्या अंगाच्या भाराने पाळणा फिरवीत.

बाबांनी माझे तिकीट काढले. पेटी वर गेली मात्र, मी जोराने किंचाळले. पाळणेवाल्याने दोन्ही हातांनी पाळणा धरला आणि अर्ध्या फेरीत मला खाली उतरवले. पैसे काही परत मिळाले नाहीत. त्या दिवसांत आमच्या घरी दुधाचा चहासुद्धा रोज होत नव्हता. तरी बाबा मला रागावले नाहीत की हसले नाहीत. खांद्यावर बसवून म्हणाले, "इथून बघ." मी बाबांच्या खांद्यावरून सगळी जत्रा पाहिली. पुढच्या वर्षी मीच हट्ट करून त्या लाकडी पाळण्यात बसले.

हे मला ठाऊक होते, आणि तरीही मी काय केले ते आता ऐका.

२००९ सालची जत्रा. माझी थोरली लेक सहा वर्षांची होती. आम्ही घरची सगळी मिळून गेलो होतो, जाऊबाई, दीर, नणंद आणि त्यांची मुले. दिरांनी कोणालाही न विचारता सगळ्यांची तिकिटे काढून आणली. रांगेत आमचा नंबर आला तशी लेकीने माझा पदर घट्ट धरला आणि हळूच म्हणाली, "आई, मला नको." दीर थट्टेने म्हणाले, "परळची पोर आणि पाळण्याला घाबरते?" सगळी हसली. मैत्रिणींनो, मीही हसले. मला वाटले, माझ्याच मुलीने चार माणसांत घाबरावे? जाऊबाईंची मुलगी तिच्याहून लहान, ती उड्या मारत पुढे गेली होती. मी लेकीला उचलले आणि पेटीत बसवले.

आता पाळणे मोटरवर फिरतात. एकदा सुरू झाला की कोणी ओरडले म्हणून लगेच उतरता येत नाही. माणसे भरतानाही एकेक पेटी खाली आणतात, तोवर आपली पेटी वर टांगलेली राहते. आमची पेटी अगदी वर थांबली आणि वाऱ्याने हलत होती. लेक रडली नाही, ओरडली नाही. तिने माझ्याकडे पाहिलेसुद्धा नाही. हात मात्र बर्फासारखा गार होता. उतरल्यावर दीर म्हणाले, "बघा वहिनी, रडली का? उगाच लाड करता." मलाही ते पटले आणि मी तिला खाजा घेऊन दिला. तिने तो खाल्ला नाही.

त्या रात्री ती दोनदा दचकून उठली. पुढे कितीतरी दिवस आमच्या तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत ती कठड्यापाशी उभी राहीना, भिंतीला धरून चाले. मी तिला समजावले, कधी रागावलेही. हळूहळू ते कमी झाले आणि मी विसरून गेले.

ती विसरली नव्हती. दहावीची परीक्षा झाल्यावर एकदा आम्ही दोघी तांदूळ निवडत होतो. कशावरून तरी जत्रेचा विषय निघाला, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "आई, मी नको म्हटलं होतं. तुला ऐकू आलं होतं ना?" मी म्हटले, "हो, आलं होतं." ती पुढे काहीच बोलली नाही. मला मात्र त्या दिवशी तांदळातला खडा दिसेना.

नऊ वर्षे त्या मुलीच्या मनात पाळण्याची उंची नव्हती, भगिनींनो. आईला ऐकू आले होते की नाही, एवढाच प्रश्न होता. बाबांकडे पैसा नव्हता, तरी त्यांनी तिकीट वाया जाऊ दिले. माझ्याकडे पैसा होता, ते तिकीट मला जड झाले. खरे तर तिकीटही नव्हे, चार माणसांचे हसणे जड झाले.

यावर कोणी म्हणेल, "मुलाला विचारून करायचे तर मग सगळे मुलाच्याच मनासारखे करायचे का?" तसे नाही. माझ्या धाकट्याची गोष्ट याच्या उलट आहे.

हा जन्माचा धीट. पाच वर्षांचा असताना जत्रेतल्या मोठ्या झुलत्या होडीत बसायचे म्हणून त्याने रस्त्यावर लोळण घेतली. मी होडीजवळ जाऊन नीट पाहिले. एका बाकावर तीन माणसे आणि तिघांना मिळून मांडीवर एकच दांडी. ही दांडी सगळ्यांत जाड माणसाच्या मांडीवर टेकते. शेजारचे किरकोळ पोर खाली मोकळेच राहते, होडी उभी झाली की घसरायला वाव मिळतो. मी नाही म्हटले. तो घरी येईपर्यंत रडला. मी रडू दिले. त्याच्या धिटाईने दांडी काही खाली येणार नव्हती.

पुढे दोन्ही मुलांना आम्ही गोराईच्या एस्सेलवर्ल्डला नेले होते. १९८९ साली सुरू झालेले ते ठिकाण २०२२ पासून बंद आहे, पण आपल्यापैकी पुष्कळ जणी खाडी ओलांडून तिथे जाऊन आल्या असतील. अशा ठिकाणी मोठ्या खेळांपाशी उंचीची खूण असलेली पाटी असते. एक गृहस्थ आपल्या मुलाला टाचा उंच करायला सांगताना मी पाहिले. टाचा उंच करून मूल पाटीपर्यंत पोचते, पण ते दांडीत बसत नाही. ती पाटी अंगाच्या मापासाठी असते. धैर्य मोजायची पाटी अजून निघायची आहे.

तेव्हा मला समजले ते असे, की प्रश्न एक नसून दोन आहेत. "हे सुरक्षित आहे का?" हा पहिला. त्याचे उत्तर मोठ्यांनी द्यायचे, आणि 'नाही' असेल तर मूल कितीही रडले तरी बदलायचे नाही. "याची तयारी आहे का?" हा दुसरा. त्याचे उत्तर मुलाने द्यायचे, आणि 'नको' असेल तर चार माणसे कितीही हसली तरी बदलायचे नाही. मी थोरलीच्या वेळी दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर स्वतःच देऊन टाकले, ही माझी चूक.

हाच प्रश्न आमच्याकडे गोपाळकाल्याला आला. २०१७ साली धाकटा सात वर्षांचा होता, अंगाने हलका. आमच्या ह्यांच्या पथकातली मुले म्हणाली, "वहिनी, ह्याला वरच्या थरावर देता का?" धाकटा तर आनंदाने नाचू लागला. यात कोर्टकचेऱ्याही झाल्या आहेत. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने १८ वर्षांखालील मुलांना आणि २० फुटांपेक्षा उंच थरांना मनाई केली. पुढे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि २०१७ साली उच्च न्यायालयापुढे राज्य सरकारने १४ वर्षांखालील मुलांना भाग घेऊ देणार नाही असे सांगितले. २०२२ साली सरकारने दहीहंडीला साहसी खेळाचा दर्जा दिला. आम्ही परळ-लालबागची माणसे, गोविंदा आमच्या रक्तात आहे. पण सात वर्षांच्या पोराला वरून खाली पाहिल्यावर "नको" म्हणायचे असेल, तर तिथे ते कोणाला ऐकू जाणार? खाली ढोल, वर तो एकटा, आणि त्याच्या पायाखाली उभ्या असलेल्यांनाही हलता येत नाही. मी नाही म्हटले. आमचे हे आठ दिवस माझ्याशी मोजकेच बोलले. गेल्या वर्षी चौदा पुरी झाल्यावर धाकटा पहिल्यांदा पथकात गेला. खालच्या थरात उभा राहतो. मी खिडकीतून बघते, आणि खरे सांगते, माझे हात गार पडतात.

आता मी स्वतः काय करते ते थोडक्यात सांगते. जमले तर करून पाहा.

तिकीट आधी काढू नये. मुलाचे बोट धरून पाळण्याच्या दोन फेऱ्या खाली उभे राहून पाहाव्यात. पाळणेवाला प्रत्येक दांडीची कडी हाताने ओढून पाहतो का, की नुसते पैसेच मोजतो, ते पाहावे. पेटी वर थांबते, हलते, आणि मध्येच उतरता येत नाही, हे मुलाला आधीच सांगावे. फसवून बसवू नये.

मग विचारावे, पण "घाबरतोस का?" असे विचारू नये. या प्रश्नाला कोणते मूल खरे उत्तर देईल? "बसायचं आहे, की खालून बघायचं आहे?" असे विचारावे, आणि तेही चार माणसांपासून दूर नेऊन. तोंडाने 'हो' म्हणाले तरी हात धरून पाहावा. गार पडलेला हात, एकाएकी बंद झालेली बडबड, पुन्हा पुन्हा "शूला जायचंय" म्हणणे, ही सगळी 'नको'चीच भाषा आहे. रडणारे मूल आपल्याला कळते. गप्प बसणारे कळत नाही.

आणि नको म्हटले तर विषय तिथेच मिटवावा. घाबरट हे नाव ठेवू नये. भीती वयाप्रमाणे बदलते, नाव मात्र जन्मभर चिकटते. मूल धीट कसे होणार, अशी काळजी असेल तर छोट्या चक्रीतल्या घोड्यापासून सुरुवात करावी. एक पायरी ते आपण होऊन चढले की दुसरीकडे स्वतःच बघू लागते.

यंदाच्या जत्रेची हकिगत सांगून मी थांबते. माझ्या भावाची सहा वर्षांची मुलगी बरोबर होती. घरून निघाल्यापासून पाळणा पाळणा करत होती, पण फाटकापाशी गेल्यावर तिने मान हलवली. भावाने तिकीट काढले होते. तो काही बोलणार, इतक्यात माझी थोरली पुढे झाली. ती आता नोकरी करते. मोठ्या पाळण्यात ती आजतागायत बसलेली नाही. सगळ्यांच्या पिशव्या आणि चपला सांभाळत खाली उभी राहते. तिने भाचीला कडेवर घेतले आणि म्हणाली, "मामा, तुम्ही जा. आम्ही दोघी इथून हात करतो."

पाळणा फिरू लागला. मीही वर गेले नाही. आम्ही तिघी खाली उभ्या राहून हात करत होतो. थोड्या वेळाने भाची म्हणाली, "आत्या, पुढच्या वर्षी बघू." मी म्हटले, "बघू हं. तू सांगशील तसं."

मला एवढेच सांगायचे होते. बोलण्यात काही उणे-अधिक झाले असेल तर लेकीसुनांनी पोटात घालावे.