ल्योट्शनच्या खोऱ्यात

आल्प्स म्हटले की डोळ्यांपुढे कॅलेंडरावरचे चित्र येते: पांढरीशुभ्र शिखरे, हिरवे कुरण आणि त्यात चरणारी एक गाय. चित्र खोटे नाही. पण त्या गायीची धार कोण काढतो, आणि ज्या डोंगराखाली तिचा गोठा आहे त्याचे काय चालले आहे, हे चित्रात दिसत नाही. ते बघायचं तर पायी हिंडलं पाहिजे. म्हणून आज आपण स्वित्झर्लंडच्या व्हाले प्रांतातल्या ल्योट्शनटाल या खोऱ्यात जाऊ. नाव उच्चारताना जीभ अडखळते खरी. ‘टाल’ म्हणजे खोरे, एवढे ध्यानात असू द्या.

१९१३ साली ल्योट्शबर्गच्या बोगद्यातून आगगाडी धावू लागली, तोवर हे खोरे जगापासून पुष्कळसे अलग होते. लोंझा नदीच्या काठाने फेर्डन, किपल, विलर आणि ब्लाटन अशी गावे. विलरहून दोरावरच्या पाळण्यात बसले की तुम्ही लाउखर्नआल्पला, सुमारे १,९७० मीटरवर पोचता. आपले कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे चालायला सुरुवातच त्याच्या डोक्यावरून! वाटेवर पिवळ्या पाट्या असतात. त्यांवर किती मैल, किती किलोमीटर असे नसते; किती तास, किती मिनिटे एवढेच. डोंगरात चालणाऱ्याला अंतरापेक्षा वेळच कामाचा, हे किती शहाणपणाचे! अवघड वाटेवर दगडांना पांढरा-तांबडा-पांढरा पट्टा दिसला की समजावे, आपण चुकलो नाही.

‘आल्प’ म्हणजे मुळात उन्हाळी कुरण. बर्फ वितळले की गुरे वर न्यायची, सप्टेंबरच्या सुमारास सजवून, घंटा बांधून खाली आणायची. वर काढलेले दूध रोज खाली आणणार कसे? म्हणून त्याचे चीज करायचे. दहा-एक लिटर दुधाचे किलोभर कठीण चीज होते आणि ते हिवाळाभर टिकते. इथली पावही तशीच टिकाऊ. राय नावाच्या धान्याची ही पाव पूर्वी गावच्या सामाईक भट्टीत वर्षातून दोन-तीनदाच भाजीत आणि महिनोन्‌महिने खात. पाहुण्याला राक्लेत मिळते: चीजचा अर्धा चाक विस्तवाशी धरायचा, वितळलेला थर उकडलेल्या बटाट्यावर खरवडून वाढायचा, जोडीला काकडीचे लोणचे. तिखट नाही, पण चालून भूक लागली असली म्हणजे तक्रार सुचत नाही.

फेब्रुवारीत गेलात तर मात्र जपून. अंगावर मेंढराबकऱ्यांची कातडी, कमरेला घंटा, तोंडावर लाकडात कोरलेला अक्राळविक्राळ मुखवटा असे ‘चेगेटे’ रस्त्यावर उतरतात आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला धरतात. पूर्वी हा मान फक्त अविवाहित तरुणांचा होता.

आता ब्लाटनविषयी. २०२५ च्या मे महिन्यात गावावरच्या डोंगराचे कडे ढासळू लागले आणि दगडांचा भार खालच्या बर्च हिमनदीवर साचत गेला. हालचाल मोजणाऱ्यांनी धोका ओळखला. १९ मेपर्यंत सुमारे ३०० रहिवासी बाहेर काढले. गुरेही काढली, चालू न शकणारी एक गाय तर हेलिकॉप्टरने. २८ मे रोजी दुपारी हिमनदी कोसळली आणि बहुतेक सारे गाव दगडमातीखाली गेले. नदी तुंबली, उरलेल्या घरांत पाणी शिरले. एका माणसाचा जीव गेला. माणसे आधी निघाली नसती तर काय झाले असते, याचा हिशेब तुम्हीच करा. गाव पुन्हा वसवायचे, असे तिथल्या लोकांनी ठरवले आहे.

तेव्हा त्या बाजूला जाणे झालेच, तर जुन्या पुस्तकातल्या वाटेवर विसंबू नका. कोणती वाट खुली आहे हे विलरमध्ये विचारून मगच पाळण्यात बसा. आणि कुरणाचे फाटक उघडलेत, तर आत गेल्यावर ते लावून घ्या. वासरू सोबत असलेली गाय तिकडेही अंगावर येते!