राऊटरचा दुसरा पासवर्ड

चाकण, म्हाळुंगेकडच्या बऱ्याच गटांचा हिशेब आता वहीतून संगणकात आलाय. दोन संगणक, एक प्रिंटर, वायफायचा राऊटर, की झालं ऑफिस.

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेच्या यंत्रणेत चोर शिरले. ११ आणि १३ तारखेला मिळून सुमारे ९४ कोटी रुपये गेले, तिजोरीला हातही न लावता. आपल्याला कोण विचारतंय, असं वाटेल. पण कच्चं कुलूप शोधणारे प्रोग्राम रात्रंदिवस फिरत असतात. त्यांना बँक काय नि बचत गट काय.

राऊटरला पासवर्ड दोन असतात, हे जोडणारा मुलगा बहुधा सांगत नाही. एक वायफायचा, दुसरा राऊटरच्या सेटिंगमध्ये शिरायचा. हा दुसरा पुष्कळदा 'ॲडमिन' असाच राहतो. तो बदला, आणि नवा स्वतःच्या हातानं टाका.

मग 'गेस्ट नेटवर्क' चालू करून घ्या. पाहुणा ओटीवर बसतो, माजघरात येत नाही, तसंच हे. टेम्पोवाल्याचा, पोरांचा मोबाइल गेस्टवर. हिशेबाचा संगणक वेगळा. त्यात सगळ्या जणींची आधार कार्डं, पासबुकं असतात, बरं का.

दर आठवड्याला हिशेबाची प्रत पेनड्राइव्हवर घ्या आणि तो काढून कपाटात ठेवा. लावलेलाच राहिला तर व्हायरस त्यातलंही खाऊन टाकतो.

आणि पैसे गेलेच, तर लाजत बसू नका. तिथल्या तिथे १९३० ला फोन लावा. रक्कम पुढे सरकण्याआधी कळवलं तर अडवता येते.