तुपाची धार आणि रक्ताचा हिशेब

चाळिशी ओलांडलेल्या सरकारी अधिकाऱ्याची दरवर्षी वैद्यकीय तपासणी होते. दुसऱ्यांच्या हिशेबांवर शेरे मारण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याच्याच रक्ताच्या हिशेबावर त्या दिवशी शेरा पडतो. तीन वर्षांपूर्वी माझ्या कागदावर असा शेरा पडला. एल.डी.एल. नावाचे जे कोलेस्टेरॉल हृदयाच्या धमन्यांत साचते, त्याचे प्रमाण माझ्या १०० मिलिलिटर रक्तात १६४ मिलिग्रॅम भरले. एरवी मी तो कागद घडी घालून ठेवून दिला असता. पण माझे वडील ५२व्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने गेले, तेव्हा मी महाविद्यालयात होतो आणि धाकटा भाऊ शाळेत होता. तो कागद मला घडी घालवेना.

डॉक्टर म्हणाले, "तुम्हांला मधुमेह नाही, रक्तदाब ठीक आहे, विडीकाडीचा नाद नाही. तीन महिने आहार बदलून पाहा. मात्र तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासायचे. केवळ बरे वाटते, एवढ्यावर मी विश्वास ठेवणार नाही."

कोलेस्टेरॉल हा मुळात आपला वैरी नव्हे. शरीरातील प्रत्येक पेशीच्या आवरणाला ते लागते. पित्तही त्यापासूनच तयार होते. त्यातले बरेचसे आपले यकृत स्वतःच घडविते. म्हणूनच अंड्यातील बलक वर्ज्य केला की सारे साधले, असे होत नाही. खरा प्रश्न आहे तो यकृताच्या वसुलीचा. रक्तात फिरणारे एल.डी.एल. यकृत परत गोळा करीत असते. तूप, लोणी, साय, खोबरेल यांतील संपृक्त स्निग्धांश आहारात फार झाले की ही वसुली मंदावते आणि बाकी साचत जाते. उलट कडधान्ये, ओट, जव, इसबगोल यांतील विद्राव्य तंतू आतड्यात पित्ताला धरून बाहेर नेतात. नवे पित्त करावयास यकृताला कोलेस्टेरॉल हवे असते; ते मग रक्तातून उचलले जाते. पथ्याचे सारे मर्म जमाखर्चाच्या या दोन कलमांत आहे.

ही गोष्ट एका सबंध प्रांताने करून दाखविली आहे. फिनलंडच्या पूर्वेस उत्तर कारेलिया नावाचा जंगलांचा आणि सरोवरांचा मुलूख आहे. तिथले लाकूडतोडे आणि शेतकरी अंगापिंडाने दणकट. तरीही ऐन उमेदीत हृदयविकाराने मरणाऱ्यांचे प्रमाण तिथे जगात सर्वांत अधिक असलेल्या प्रदेशांइतके होते. पावावर लोण्याचा जाड थर आणि पेलाभर निरसे दूध हा त्यांचा नित्याचा आहार. अखेर लोकांनीच सरकारकडे दाद मागितली आणि १९७२ साली पेक्का पुस्का या तरुण डॉक्टरांच्या नेतृत्वाखाली कार्य सुरू झाले. गृहिणींच्या मंडळांनी रांधण्याच्या नव्या रीती घरोघर नेल्या. लोण्याच्या जागी वनस्पतिजन्य तेल आले, भाजीपाला वाढला. पुढे तर कोणते गाव आपले कोलेस्टेरॉल अधिक उतरविते, अशा चढाओढी लागल्या. सुमारे ४० वर्षांत कामकरी वयाच्या पुरुषांतील हृदयविकाराचे मृत्यू चार पंचमांशांहून अधिक घटले. त्यात धूम्रपान घटल्याचा, रक्तदाब आटोक्यात आल्याचा आणि सुधारलेल्या उपचारांचाही वाटा आहे. पण सर्वांत मोठा वाटा कोलेस्टेरॉल उतरल्याचा होता.

कारेलियापासून मी एवढेच शिकलो की, पथ्य एकट्याचे नसते, ते साऱ्या स्वयंपाकघराचे असते. आमच्या दिल्लीच्या बिऱ्हाडी स्वयंपाकघरावर आईची सत्ता. वरणभातावर तुपाची धार धरणे म्हणजे तिच्या लेखी मायेचे दुसरे नाव. तूप कमी करा म्हणताच ती दुखावली. पण वडिलांचा विषय निघाला आणि ती गप्प झाली. दुसऱ्या दिवशी तिनेच सोलापूरकडचे करडईचे तेल आठवणीने काढले. त्यात संपृक्त अंश जेमतेम एक दशांश असतो. तुपात तो निम्म्याहून अधिक आणि खोबरेलात सुमारे नऊ दशांश. मग मोड आलेली मटकी, हुलग्याचे माडगे, भाकरी, पालेभाजी अशी आमच्याच गावची पंगत परत आली. बेकरीची बिस्किटे आणि तळण बंद झाले. रात्री पेलाभर पाण्यातून इसबगोल आणि पहाटे पाऊण तास चालणे सुरू झाले. चालण्याने एल.डी.एल. फारसे उतरत नाही. पण वजन आणि रक्तदाब ताळ्यावर राहतात आणि हृदयाला बळ येते.

तीन महिन्यांनी १६४चे १३८ झाले. डॉक्टरांनी गोळी लिहिली नाही. सहा महिन्यांनी पुन्हा या, एवढेच म्हणाले.

मी हर्षभराने सोलापूरला भावाला कळविले. त्यानेही रक्त तपासले. त्याचे एल.डी.एल. २३६ निघाले! त्याने माझ्याहून कडक पथ्य पाळले, तरी आकडा २१०च्या खाली येईना. काही कुळांत यकृताची ती वसुलीच जन्मतः अधू असते. ब्राउन आणि गोल्डस्टाइन या शास्त्रज्ञांनी तिचे गूढ उकलले आणि १९८५ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. वडिलांचा हा वारसा मला चुकला होता, भावाच्या वाट्याला आला होता. पण तो गोळी घेईना. "तू निसर्गोपचाराने बरा झालास, मला मात्र औषध?" हा त्याचा सवाल. माझ्या यशाने त्याची वाट अडविली, याचे मला भय वाटू लागले.

मी त्याला अकिरा एंडो यांची हकीकत सांगितली. शेतकऱ्याच्या घरी जन्मलेल्या आणि लहानपणापासून बुरशीचे वेड असलेल्या या जपानी शास्त्रज्ञाने १९७३ साली एका निळसर-हिरव्या बुरशीतून कोलेस्टेरॉलची निर्मिती रोखणारे द्रव्य शोधले. आजच्या स्टॅटिन गोळ्यांचे मूळ तेच. बुरशी ही निसर्गाचीच. मग तिच्यापासून आलेल्या गोळीशी वैर कशाला? श्रोतेहो, पथ्य प्रत्येकाने करावे आणि त्याचे फळ रक्त तपासूनच ठरवावे. ते पुरले तर आनंद आहे. न पुरले तर डॉक्टरांनी दिलेली गोळी घेण्यात पराभव नाही. आणि चालू असलेली गोळी आपल्या मताने बंद करण्यात पुरुषार्थ तर मुळीच नाही.

गेल्या दिवाळीत भाऊ आमच्याकडे आला होता. आईने दोघांच्याही पानांत सणापुरते अर्धा चमचा तूप वाढले. जेवणे आटोपल्यावर तिनेच पाण्याचा पेला आणि त्याची गोळी त्याच्यापुढे ठेवली. भावाने काही न बोलता ती घेतली. वडील गेले त्या वयाला पोहोचायला त्याला अजून काही वर्षे आहेत.