दहा हजार टनांचा हिशेब

व्यापार धोरण म्हटले की डोळ्यांपुढे दिल्ली येते, बंदरे आणि जहाजे येतात. आमच्या बारामती-इंदापूरच्या गोठ्यांशी त्याचे नाते काय, असा प्रश्न पडतो. 2020 साली ते नाते मोबाइलवर स्पष्ट दिसले.

टाळेबंदीत हॉटेले, मिठाईची दुकाने बंद पडली. उरलेल्या दुधाची भुकटी झाली आणि भुकटीचे साठे पडून राहिले. गाईच्या दुधाचा दर अनेक ठिकाणी लिटरला 17 ते 20 रुपयांवर आला. नेमक्या त्याच वेळी, 23 जूनला, केंद्राने 10 हजार टन दूध भुकटीच्या आयातीला सवलत दिली. एरवी आयात शुल्क 60 टक्के. या कोट्यापुरते 15 टक्के!

अधिसूचना इंग्रजीत होती. मी डेअरीला दूध घालणारा माणूस. असा कागद पूर्वी आमच्यापर्यंत कधी आलाच नसता. या वेळी तो व्हॉट्सॲपवर आला. पण आमच्या ग्रुपवर काहींनी नुसत्या शिव्या घातल्या, तर कुणी दहा हजारांचे दहा लाख टन केले. काही कार्यकर्त्यांनी मात्र मूळ कागद, त्याचा सोप्या मराठीतला अर्थ आणि शेजारी दहा दिवसांच्या दुधाच्या पगाराची पावती टाकली. ती पावती पाहिल्यावर बायाबापड्यांनाही हिशेब कळला.

त्याआधी, 2019 मध्ये, ‘आरसेप’ कराराला देशभरातील दूध उत्पादकांनी विरोध केला होता. न्यूझीलंडची स्वस्त भुकटी येईल, ही भीती होती. 4 नोव्हेंबरला भारताने त्या करारात जाण्यास नकार दिला.

अर्थात, नुसत्या मोबाइलने सरकार हलत नाही. 2020 च्या ऑगस्टमध्ये राजू शेट्टी यांच्या नेतृत्वाखाली बारामतीत दूध उत्पादकांचा मोर्चा निघाला. आयात रद्द करा, ही त्यातली एक मागणी होती. रस्त्यावर माणसे उतरावीच लागतात. ती कशासाठी उतरली, हे मोबाइल घरोघर सांगतो.

म्हणून एक विनंती. संदेश पुढे पाठवण्यापूर्वी त्यातली तारीख, आकडा आणि मूळ कागद पाहा. आकडा फुगवला, की अधिकाऱ्याला तेवढेच खोडून काढता येते आणि खरी मागणी बाजूला पडते. 10 हजार टन हा आकडा खरा होता. पडत्या दरात तेवढा पुरेसा होता.