शिऊरची बहिणाबाई पुरी सांगावी

  दिंडीच्या शंभराव्या वर्षी आमच्याकडं संत बहिणाबाईंची सेवा आली. ही शिऊरची बहिणाबाई, तुकोबारायांची शिष्या. खानदेशातली बहिणाबाई चौधरी निराळी, ती अडीचशे वर्षांनी जन्मली.

आपल्या पंथाचं देऊळ कसं उभं राहिलं, पाया कोणी घातला आणि कळस कोण झाला, हे सांगणारा अभंग लहानथोर म्हणतात. तो या माउलीचा. पण तो एका बाईनं लिहिला, हे पुष्कळांच्या ध्यानात नसतं.

जन्म १६२८ चा, वेरूळजवळच्या देवगावचा. कळतं वय नव्हतं तेव्हाच तीस वर्षांच्या बिजवराशी लगीन लागलं. पुढं घरादाराला गाव सोडावं लागलं आणि फिरत फिरत सगळी कोल्हापूरला आली. तिथं दानात आलेल्या गाईचं वासरू हिच्या मागं मागं कीर्तनाला जायचं. जयराम स्वामींनी पोरीचं कौतुक केलं, गावात बोलबाला झाला. नवऱ्याला ते सोसलं नाही. त्यानं तिला मारलं, बांधून घातलं. पुढं वासरू गेलं, आणि तुकोबांनी तिला स्वप्नात मंत्र दिला. तुकोबा कुणबी, हे घर ब्राह्मणाचं. मग तर घरात वणवाच पेटला. नवरा घर सोडून निघाला, पण आजारी पडला. तिनं त्याची सेवा केली, त्याचं मन पालटलं, आणि मंडळी देहूला गेली.

हे सारं तिनंच आपल्या अभंगांत सांगितलंय. खाल्लेला मार तिनं झाकून ठेवला नाही.

आता तिच्या अभंगांत दोन गोष्टी आहेत. एक, पतीची सेवा हा बाईचा धर्म. दुसरी, वेद बाईच्या कानी पडू देत नाहीत, मग बाईच्या देहानं देव गाठायचा कसा? कीर्तनात पहिली गोष्ट घोळून घोळून सांगतात, दुसरी गाळतात. खळ्यावर अर्धी रास झाकून मापली, तर त्याला कोणी माप म्हणत नाही. बहिणाबाई सांगायची तर पुरी सांगावी.

उत्तरही तिनंच दिलं. नाम घ्यायला कोणाची आडकाठी नाही. आणि ब्राह्मण कोण, तर ज्यानं ब्रह्म जाणलं तो, जन्मानं नव्हे, हेही तिनं मराठीत मांडलं. आमची शाळा चौथीत सुटली, संस्कृत आमच्या दारी आलं नाही. मराठी अभंगानंच आमचं भागलं. म्हणून तिचं म्हणणं आम्हाला लवकर उमगतं.

मंडळी, दिंडीत बाया डोईवर तुळस घेऊन चालतात, मुक्कामाला भाकरी थापतात. पण चाल धरायची वेळ आली की आवाज पुरुषाचाच. जिला अभंग पाठ आहे, तिला चाल धरू द्यावी. आणि सुनेनं वारीचं नाव काढलं, की "घर कोण बघणार?" असं लगेच म्हणू नये. घर दोघांचं, तसा पांडुरंगही दोघांचा.

१७०० साली माउलीनं शिऊरला देह ठेवला. तिथं समाधी आहे, जमेल त्यांनी दर्शन घ्यावं.

बोला, पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!