विझलेल्या ताऱ्याचा अपुरा स्फोट

बंगळूरपासून सुमारे ३५ किलोमीटरवर होसकोटे नावाचे गाव आहे. तेथील भारतीय ताराभौतिकी संस्थेच्या केंद्रात संशोधक रात्र रात्र जागतात. परंतु त्यांची दुर्बीण तेथे नसते. ती असते लडाखमधील हनले येथे, समुद्रसपाटीपासून सुमारे ४५०० मीटर उंचीवर. होसकोट्याहून उपग्रहामार्फत आज्ञा जाते आणि दोन मीटर व्यासाचा आरसा हव्या त्या ताऱ्याकडे वळतो. या दुर्बिणीला सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांचे नाव दिलेले आहे, आणि ते केवळ गौरवापुरते नाही.

१९३० सालच्या जुलैअखेर एकोणीस वर्षांचे चंद्रशेखर मुंबईहून बोटीने विलायतेस निघाले. त्या प्रवासातच त्यांनी श्वेतबटू ताऱ्यांचे गणित मांडले. इंधन संपले की सूर्यासारख्या ताऱ्याचा गाभा आकसून पृथ्वीएवढा होतो, तोच श्वेतबटू. त्याचे चमचाभर द्रव्य काही टन भरावे. स्वतःच्याच भाराखाली चिरडून जाण्यापासून त्याला वाचवितात ते त्यात दाटीने कोंबलेले इलेक्ट्रॉन. परंतु या आधारालाही सीमा आहे, असे त्या गणितातून निघाले. ती सीमा म्हणजे सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमान. १९३५ साली लंडनमध्ये एडिंग्टनसारख्या ज्येष्ठाने या विचाराची भर सभेत थट्टा केली. पुढे काळाने निवाडा चंद्रशेखरांच्या बाजूने दिला आणि १९८३ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

श्वेतबटूला जोडीदार तारा असेल, तर त्याचे द्रव्य ओढून घेत तो या सीमेजवळ येऊ शकतो. मग त्याच्या गाभ्यातील कार्बन पेट घेतो. साधा वायू तापला की फुगतो आणि निवतो. श्वेतबटूचे द्रव्य तापले तरी प्रथम फुगत नाही, म्हणून ही आग आवरत नाही. ती आधी ज्वाळेसारखी पसरते, मग तिची प्रचंड स्फोटलहर बनते आणि अवघा तारा उधळला जातो. दोन श्वेतबटू एकत्र येऊनही असा स्फोट होऊ शकतो. यालाच ‘आयए’ वर्गाचा सुपरनोव्हा म्हणतात. या स्फोटांचे तेज, थोडी दुरुस्ती केल्यावर, जवळजवळ सारखे भरते. म्हणून तो किती मंद दिसतो, यावरून त्याचे अंतर काढता येते. याच मापाने १९९८ साली विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढत असल्याचे उघडकीस आले.

परंतु काही स्फोट या मापात बसत नाहीत. २००२ साली असा एक मंद स्फोट आढळला आणि त्याच्या जातीचे इतरही सापडू लागले. २०१३ साली त्यांना ‘आयएएक्स’ हे नाव मिळाले. २०२० साली दिसलेल्या ‘२०२०एससीके’ या स्फोटाचा मागोवा बंगळूरच्या संशोधकांनी हनलेच्या दुर्बिणीने घेतला. त्याचे द्रव्य सेकंदाला सुमारे ५००० किलोमीटर वेगाने, म्हणजे नेहमीच्या निम्म्या वेगाने, बाहेर पडत होते. येथे ज्वाळा पसरली, पण स्फोटलहर बनलीच नाही, असा त्यांच्या अभ्यासाचा निष्कर्ष आहे. फटाक्याची दारू धडाडून न उडता नुसती फुरफुरावी, तसाच हा प्रकार.

अशा वेळी तारा संपूर्ण नष्ट न होता त्याचा काही भाग मागे उरावा, असे गणित सांगते. २०१२ सालच्या ‘२०१२झेड’ या स्फोटाच्या जागी, सुमारे चार वर्षांनंतरही, हबल दुर्बिणीला पूर्वीच्या ताऱ्यापेक्षा अधिक तेज दिसले. तो कदाचित वाचलेला अवशेषच असावा.

धान्य मोजणारा आधी पायली खरी आहे ना, हे पाहून घेतो. विश्व मोजणाऱ्यालाही तेच करावे लागते. खोटे माप खऱ्यात मिसळले, तर अंतरे चुकतील आणि त्यांवर रचलेला सारा हिशेब डळमळेल. होसकोट्याच्या त्या खोलीत रात्रभर चाललेले काम, एका अर्थी, पायली तपासण्याचेच आहे.